सहस्रचंद्रदर्शनाच्या पत्रिकेला नाजूक हस्ताक्षरी फॉन्ट शोभेल का?

शाईदौत

नमस्कार मंडळी. माझ्या आईचे सहस्रचंद्रदर्शन येत्या मार्गशीर्षात कऱ्हाडला करायचे ठरले आहे आणि पत्रिकेचे काम माझ्याकडे आले आहे. आईचे अक्षर बारीक, किंचित उजवीकडे झुकलेले आणि अतिशय वळणदार आहे. घरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांपासून पत्रांपर्यंत ते अक्षर बघत आम्ही मोठे झालो, त्यामुळे पत्रिकाही छापील ठशाची न वाटता कोणीतरी निवांत बसून लिहिल्यासारखी वाटावी, अशी माझी फार इच्छा आहे. म्हणून मी एक बारीक रेषेचा, हस्ताक्षरासारखा देवनागरी फॉन्ट निवडला आणि संपूर्ण मजकूर त्यातच लावायला सांगितला.

काल छापखान्यातून प्रूफ आले आणि माझा विरस झाला. सोनेरी फॉइलमध्ये छापलेल्या शीर्षकातल्या बारीक रेषा जागोजागी तुटल्या आहेत. ‘कऱ्हाड’ या शब्दातला चंद्रकोरीसारखा अर्धा र त्या फॉन्टमध्ये नसावा, कारण तिथे ‘ह’च्या डोक्यावर रफार येऊन बसला आहे. शिवाय संपूर्ण मजकूर एकत्र पाहिला तर तो नाजूक वाटण्याऐवजी उपाशी वाटतो. इंग्रजी पत्रिकांमध्ये अशी लपेटदार अक्षरे किती सुरेख दिसतात! मग आपल्या लिपीत ती का दिसत नाहीत? दोष फॉन्टचा आहे, छपाईचा आहे, की माझ्या निवडीचा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

मोगरा_७

आईंना आधी आमचा नमस्कार सांगा. पत्रिका कशीही झाली तरी तिचा फोटो इथे नक्की टाका.

वळणदार

तुमच्या प्रश्नाचे मूळ लेखणीत आहे, म्हणून थोडे मागून सांगतो.

इंग्रजी पत्रिकांवर जी लपेटदार अक्षरे दिसतात, त्यांतली बहुतेक अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या लेखनशिक्षकांच्या वळणावरून आलेली आहेत. त्या काळी कित्त्यांची पुस्तके तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापत असत. जॉर्ज बिकहॅम यांचा ‘युनिव्हर्सल पेनमन’ हा संग्रह त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. हे वळण टोकदार, लवचीक लेखणीचे आहे. हात खाली येताना दाब दिला की टोकाची दोन पाती फाकतात आणि रेषा जाड होते. हात वर जाताना दाब सुटतो आणि केसासारखी रेषा उमटते. ती केसासारखी रेषाच एका अक्षराला पुढच्या अक्षराशी जोडते. म्हणजे तिथला नाजूकपणा जाड आणि बारीक यांच्या फरकातून येतो. संपूर्ण अक्षर बारीक असते, हा आपला समज चुकीचा आहे.

आपले बाळबोध अक्षर बोरूने घडले. बोरूचे टोक सपाट आणि तिरपे छाटलेले असते, त्यामुळे रेषेची जाडी दाबाने बदलत नाही, दिशेने बदलते. आणखी एक गोष्ट अशी, की देवनागरीसाठीच्या बोरूचा छाट रोमन लेखणीच्या उलट असतो, त्यामुळे रोमनमध्ये जी तिरपी रेषा जाड येते, तीच आपल्याकडे बारीक येते. जो कलाकार हे ध्यानात न घेता रोमन लपेटदार अक्षराची जाड-बारीक तशीच देवनागरीवर चढवतो, त्याचे ‘क’ आणि ‘ळ’ परके दिसू लागतात. आणि जो दोन्ही सोडून सगळ्याच रेषा सारख्या बारीक करतो, त्याचे अक्षर तुम्ही म्हणता तसे उपाशी दिसते. तुमच्या प्रूफात बहुधा हा दुसरा प्रकार झाला आहे.

अक्षरवेडी

वळणदार दादांच्या मुद्द्यात एक भर घालते. रोमन अक्षरे पायाशी हात धरतात आणि आपली डोक्याशी. लपेटदार रोमनमध्ये प्रत्येक जोड हा एक हलका, वर चढणारा झोका असतो आणि त्या झोक्यांमुळेच शब्द नाचल्यासारखा दिसतो. देवनागरीत जोडण्याचे काम शिरोरेषा करते आणि ती सरळ असते. हस्ताक्षरी फॉन्ट करणाऱ्यापुढचा सर्वांत अवघड निर्णय हाच असतो, की शिरोरेषेचे काय करायचे. ती ताठ ठेवली तर खालची सगळी लय तिच्याखाली दबते; काढून टाकली तर मजकूर लांबून गुजराती वाटतो; आणि प्रत्येक अक्षरापुरती सुटी, किंचित झुकलेली ठेवली तर शब्द विस्कटण्याची भीती असते.

‘कलम’ या फॉन्टमध्ये हा प्रश्न बराच चांगला सोडवलेला आहे, असे माझे मत आहे. इंडियन टाइप फाउंड्रीने तो २०१४ मध्ये आणला. त्याची अक्षरे उजवीकडे झुकलेली आहेत आणि रेषा बॉलपेनने किंवा स्केचपेनने लिहिल्यासारखी आहे. हलके, साधे आणि ठळक अशी तीन वजने त्यात मिळतात. पण तो रोजच्या लिहिण्याचा फॉन्ट आहे. चिठ्ठी, मुलांचे पुस्तक, व्यंगचित्रातले संवाद, पाककृतीच्या वहीची नक्कल, अशा ठिकाणी तो अगदी घरचा वाटतो. सोनेरी शीर्षकात मात्र तो थोडा घाईत लिहिल्यासारखा वाटेल. ‘अमिता’ हा दुसरा फॉन्ट समारंभाला जास्त जवळचा आहे. अर्जेंटिनाचे एदुआर्दो तुन्नी यांनी तो केला असून त्यातली देवनागरी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या अक्षरांवर आधारलेली आहे. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, त्यामुळे पत्रिकेवर वापरायला कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत आणि परवानगीही घ्यावी लागत नाही.

कित्ता

मी तेहतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. पत्रिका ही वाचण्यासाठी असते. दिवस, वेळ आणि स्थळ या तीन गोष्टी पहिल्या नजरेत कळल्या नाहीत तर तिचे सौंदर्य कोणाच्याच कामाचे नाही. मुलांना अक्षर गिरवायला शिकवताना आम्ही सांगत असू की आधी सुवाच्य आणि मग सुंदर. संपूर्ण पत्रिका हस्ताक्षरी फॉन्टमध्ये लावण्याला माझा ठाम विरोध आहे.

चष्मावाली

कित्ता सरांशी मी पूर्ण सहमत आहे आणि माझे कारण रोजच्या कामातले आहे. मी डोळे तपासण्याच्या दवाखान्यात काम करते. सहस्रचंद्रदर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांत आईंच्या बरोबरीची मंडळी बरीच असणार. मोतीबिंदूमध्ये नुसते अंधुक दिसते असे नाही, रंगांमधला उठाव कमी जाणवतो. पांढऱ्यावर काळे जाड अक्षर जो माणूस सहज वाचतो, त्यालाच क्रीम कागदावरची सोनेरी बारीक रेषा जवळजवळ दिसत नाही. शिवाय सोनेरी फॉइल चकाकते, म्हणून वाचणाऱ्याला पत्रिका पुन्हा पुन्हा तिरकी करून बघावी लागते. ज्यांच्यासाठी हा सोहळा आहे, त्याच पिढीला पत्रिका नातवाकडून वाचून घ्यावी लागू नये.

मोगरा_७

चष्मावाली ताई, हे अगदी खरे आहे. माझ्या भाचीच्या पत्रिकेत ‘शुभविवाह’ अशाच एका बारीक फॉन्टमध्ये होते. ‘भ’च्या डोक्याची वेलबुट्टी छपाईत गेली आणि सगळ्या गावाने ‘शुमविवाह’ वाचले. आजही त्या लग्नाचा विषय निघाला की आम्ही ‘शुमविवाह’च म्हणतो.

अक्षरवेडी

मोगरा, तुम्ही हसत हसत फार महत्त्वाचे सांगितलेत. ‘भ’ आणि ‘म’, तसेच ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला फरक डोक्याशी असलेल्या एवढ्याशा गाठीवर आणि शिरोरेषेतल्या खंडावर उभा आहे. फॉन्टमध्ये ती गाठ बारीक असेल, किंवा शिरोरेषाच तुटक असेल, तर ‘धन’चे ‘घन’ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून फॉन्ट निवडताना मी नेहमी ‘शुभ, धन, कऱ्हाड, ज्ञानेश्वर, आप्तेष्ट, श्री, सौ., चि.’ एवढे शब्द आधी लिहून बघते आणि ते उमटल्यावर मगच पुढचा विचार करते.

डीटीपी_सांगली

शाईदौत, मी पत्रिकांचेच काम करतो, त्यामुळे छापखान्याची बाजूही सांगतो. तुमच्या प्रूफात दोन वेगवेगळे घोटाळे आहेत.

पहिला फॉइलचा. फॉइल गरम ठशाने दाबून चिकटवतात. ठशावरची रेषा फार बारीक असेल तर ती एकतर कागदावर पूर्ण उतरत नाही, किंवा दोन जवळच्या रेषांमधली जागा भरून जाते. खरखरीत हातकागद असेल तर हा त्रास वाढतो, कारण कागदाच्या खळग्यात ठसा टेकतच नाही. अशा बारीक अक्षरांसाठी गुळगुळीत कागद घ्यावा, शीर्षक मोठे ठेवावे आणि रेषेला कडेने किंचित जाडी द्यावी. गडद पार्श्वभूमीवर पांढरे बारीक अक्षर तर चार रंगांच्या छपाईत कधीच ठेवू नये. एखादा रंग केसभर सरकला तरी अक्षर बुजते.

दुसरा घोटाळा ‘कऱ्हाड’चा. आमच्या धंद्यात अजून कितीतरी ठिकाणी जुन्या पद्धतीचे, युनिकोड (सगळ्या संगणकांवर आणि मोबाइलवर सारखा चालणारा अक्षरसंकेत) नसलेले फॉन्ट चालतात. गिऱ्हाईक मजकूर मोबाइलवरून युनिकोडमध्ये पाठवते, आम्ही तो एकतर रूपांतर करून घेतो किंवा पुन्हा टंकित करतो, आणि याच टप्प्यावर जोडाक्षरे बिघडतात. तो अर्धा र मराठीची खास गरज आहे. वऱ्हाडी, तऱ्हा, दऱ्या, सुऱ्या या शब्दांत तो लागतो. हिंदीपुरता विचार करून केलेल्या काही फॉन्टमध्ये तो नसतो किंवा कसाबसा काढलेला असतो. लग्नपत्रिकेत ‘वऱ्हाडी मंडळी’ लिहायचे असेल तर आधी हा र तपासावा, असे मी आमच्या पोरांना रोज सांगतो.

आणि एक विनंती. प्रूफ पुन्हा एकदा नीट वाचा. ‘सहस्र’ या शब्दात त नाही, पण लावणारा हमखास ‘सहस्त्र’ लावतो.

शाईदौत

डीटीपी_सांगली, तुमचे वाचून प्रूफ काढले आणि खरोखरच तिथे ‘सहस्त्र’ आहे! इतक्या वेळा पाहूनही माझ्या लक्षात आले नव्हते, कारण मी अक्षरांच्या रेषाच बघत बसले होते. मनापासून आभार.

मोडीवाचक

वर सगळ्यांनी देवनागरी लपेटदार लिहिणे अवघड का, ते सांगितले. मला त्यात थोडी दुरुस्ती करावीशी वाटते. लपेटदार, न तुटणाऱ्या हाताने लिहिण्याची आपली स्वतःची परंपरा आहे आणि ती मोडी आहे. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे नाव मोडीच्या वळणाशी जोडलेले आहे, आणि पुढे पेशवाईत हे वळण इतके सफाईदार झाले की काही कागद बघताना मजकूर वाचायचे भान राहत नाही, नजर नुसती रेषेवरून वाहत जाते.

मोडीने शिरोरेषेचा प्रश्न कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. बाळबोध लिहिताना आपण आधी अक्षर आणि मग डोक्यावर रेघ काढतो. मोडीत लेखक आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ मारून घेतो आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातो. रेघ आधीच असल्यामुळे प्रत्येक अक्षराला हात उचलून पुन्हा डोक्यावर जावे लागत नाही. अक्षराचा शेवट पुढच्या अक्षराच्या सुरुवातीत वळतो, काना आणि उकार अक्षराच्याच ओघात मिसळतात, आणि स्वर बदलला की काही अक्षरांचे रूपच बदलते. दोन शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसते. अक्षरवेडी ताईंनी जो झोका रोमनमध्ये पायाशी आहे म्हटले, तो मोडीत अक्षराच्या पोटातून जातो.

मी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद पाहिले आहेत. इतक्या दूर तमिळ प्रदेशात लिहिलेल्या त्या अक्षरातही हाच ओघ आहे. त्यामुळे नाजूक मराठी अक्षराचा शोध घेणाऱ्याने इंग्रजी पत्रिकांकडे बघण्याआधी आपल्या दप्तरांकडे बघावे, असे मला कळकळीने वाटते.

कित्ता

मोडीवाचक, मोडीबद्दल मलाही प्रेम आहे, पण पत्रिकेवर मोडी लिहिली तर ती वाचणार कोण? आपल्या प्रश्नाला त्याचा उपयोग काय?

मोडीवाचक

सर, मजकूर मोडीत लिहावा असे मी सुचवत नाही. मोडीचा हात शिकून देवनागरी लिहावी, एवढेच माझे म्हणणे आहे. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून आपल्या सुलेखनात तेच केले. मोडीची वळणे देवनागरीत आल्यावर अक्षर मोकळे होते आणि तरीही मराठीच राहते. ज्यांना मोडी संगणकावर हवी आहे त्यांच्यासाठी सांगतो, की २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्वतंत्र जागा मिळाली. त्यानंतर तिचे फॉन्टही आले, पण छापलेली मोडी सुटी सुटी आणि ठोकळ्यासारखी दिसते. हाताचा जो ओघ हे तिचे सर्वस्व आहे, तो ठरावीक साच्यांत बसवणे फार कठीण आहे.

वळणदार

हा शेवटचा मुद्दा रोमनलाही लागू होता, म्हणून सांगतो. धातूच्या खिळ्यांच्या, म्हणजे छपाईसाठी ओतलेल्या सुट्या अक्षरांच्या काळात जोडलेले लपेटदार अक्षर करणे हे टाइप ओतणाऱ्यांचे मोठे दुखणे होते. अक्षर झुकलेले आणि खिळा चौकोनी, त्यामुळे अक्षराचा काही भाग खिळ्याबाहेर लोंबत असे आणि दाबाखाली तुटत असे. काहींनी तिरक्या अंगाचे खिळे ओतून पाहिले. १९५३ मध्ये फ्रान्समध्ये रोजे एक्सकोफों यांनी स्वतःच्या हस्ताक्षरावरून ‘मिस्त्राल’ केला आणि धातूतही अक्षरे एकमेकांना जोडून दाखवली, त्याचे कौतुक आजही होते. पुढे प्रकाशाक्षरजुळणी, म्हणजे फिल्मवर प्रकाशाने अक्षरे उमटवण्याचे तंत्र आले आणि खिळ्याची भिंत पडली. मॅथ्यू कार्टर यांनी चार्ल्स स्नेल या जुन्या लंडनच्या लेखनशिक्षकाच्या वळणावरून केलेला ‘स्नेल राउंडहँड’ हा साठच्या दशकातला फॉन्ट त्या नव्या तंत्रासाठीच होता. १९९८ मध्ये हेरमान त्साप्फ यांचा ‘झापफिनो’ आला आणि त्यात एकाच अक्षराची अनेक रूपे ठेवता आली, म्हणजे एका शब्दात तेच अक्षर दोनदा आले तरी ते हाताने लिहिल्यासारखे वेगळे दिसू शकते.

रोमनला सव्वीस अक्षरांसाठी एवढा प्रवास करावा लागला. आपल्याला जोडाक्षरे धरून काही शे आकार लागतात, आणि हस्ताक्षरी फॉन्टमध्ये त्यांची आणखी पर्यायी रूपेही हवीत. चांगला नाजूक देवनागरी फॉन्ट दुर्मीळ का, याचे उत्तर या कष्टांत आहे.

न्यूजर्सीकर

आमच्याकडे मुलीच्या लग्नात दोन भाषांची पत्रिका होती, त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळा आहे. इंग्रजी बाजू लपेटदार अक्षरात सुंदर झाली. मराठी बाजू इथल्या एका कलाकाराने लावली, त्याला देवनागरी वाचता येत नव्हती. इंग्रजी शीर्षकाला शोभा यावी म्हणून तो अक्षरांमध्ये जागा वाढवतो, तशीच त्याने मराठीतही वाढवली आणि शिरोरेषेचे तुकडे तुकडे झाले. प्रत्येक अक्षर आपापली टोपी घालून वेगळे उभे राहिल्यासारखे दिसत होते. पहिली वेलांटी तर अक्षराच्या नंतर जाऊन पडली होती, त्यामुळे ‘विवाह’ वाचताच येईना. पुढे कळले की तेव्हाच्या फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांची मांडणी वेगळी निवडावी लागत असे, ती निवडली नाही तर असे होई.

शेवटी आम्ही मराठीसाठी हस्ताक्षरी फॉन्टचा नाद सोडला आणि एक उभा, स्वच्छ फॉन्ट घेतला. फक्त त्याची जाडी अशी निवडली की दोन्ही बाजू डोळे मिचकावून पाहिल्या तर सारख्याच राखाडी दिसाव्यात. माझा सल्ला असा, की दोन लिप्यांमध्ये झुकाव आणि लपेट जुळवू नये, त्यांचे वजन जुळवावे.

मोगरा_७

प्रत्येक अक्षर आपापली टोपी घालून! हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

खिळेजुळारी

मी सहसा लिहीत नाही, पण हा विषय माझ्या आयुष्याचा आहे. १९७१ पासून पुण्यात एका छापखान्यात मी खिळे जुळवले. देवनागरीच्या केसची, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीची घरे हाताला पाठ होती, अजूनही झोपेत बोटे हलतात असे घरचे म्हणतात.

आमच्याकडे लग्नपत्रिका रोज लागत. सगळे खिळे उभ्या वळणाचे होते, हस्ताक्षरासारखे नव्हतेच. तरीही गिऱ्हाईक म्हणे, की वरचे ‘श्री’ आणि वधूवरांची नावे हाताने लिहिल्यासारखी हवीत. मग आम्ही काय करत असू? अक्षर लिहिणाऱ्या कलाकाराकडून पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने तेवढेच शब्द मोठे लिहून घेत असू, ते ब्लॉकवाल्याकडे जात, आणि तिथून लहान करून जस्ताचा ब्लॉक येत असे. तो ब्लॉक फर्म्यात, म्हणजे छपाईच्या चौकटीत मधोमध बसवायचा आणि भोवती बाकीचा मजकूर खिळ्यांनी जुळवायचा. शब्द मोठे लिहून लहान केल्यामुळे हाताची थरथर नाहीशी होई आणि रेषा घट्ट दिसे.

आज तुमच्याकडे हजारो फॉन्ट आहेत, पण तीन-चार शब्दांसाठी फॉन्ट शोधण्यापेक्षा ते तीन-चार शब्द लिहूनच का घेत नाही? फॉन्टला कुठलाही मजकूर निभावून न्यावा लागतो, म्हणून त्याला प्रत्येक अक्षर तडजोडीचे करावे लागते. लिहिणाऱ्याला फक्त ‘सहस्रचंद्रदर्शन’ लिहायचे असते. त्यातला ‘स्र’ पुढच्या ‘च’ला कुठे जागा देतो, ‘द्र’चा पाय किती खाली जातो, ‘र्श’चा रफार कुठवर वळवला की अनुस्वाराशी तोल साधतो, हे तो त्या एका शब्दापुरते बघतो. अक्षर नाजूक होते ते अशा बघण्यामुळे.

अक्षरवेडी

काका, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आम्हाला वर्गात पडद्यावर अक्षर मोठे करून काढायला शिकवतात आणि मग छापायच्या आकारात लहान करून बघायला सांगतात, त्यामागचे कारण आज कळले. कृपया ब्लॉकबद्दल स्वतंत्र धागा काढा.

वळणदार

काकांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. एवढेच सांगतो, की लिहून घेताना कलाकाराकडे दोन-तीन नमुने मागावेत: एक बोरूच्या जाड-बारीक वळणाचा, एक टोकदार टाकाचा आणि एक मोडीच्या हाताचा. फरक शब्दांत समजत नाही, शेजारी शेजारी ठेवल्यावर लगेच समजतो.

दर्यावर्दी

बहुतेक लोक हल्ली पत्रिका मोबाइलवरच बघतात, त्याचा कोणी उल्लेख केला नाही. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवले की ते आकसते आणि बारीक रेषांच्या कडेला मळ साचल्यासारखा दिसतो. पत्रिका डॉक्युमेंट म्हणून, पीडीएफमध्ये पाठवावी. मोबाइलसाठी शीर्षकाची थोडी जाड आवृत्ती वेगळी केली तर उत्तमच.

चष्मावाली

दर्यावर्दी, त्यातच आणखी एक. तारीख, वेळ आणि पत्ता संदेशात टंकित करूनही पाठवावा, म्हणजे ज्याला वाचायला त्रास होतो तो फोनवर अक्षर मोठे करून वाचू शकेल. चित्रातले अक्षर ताणून वाचणे वृद्धांना जमत नाही.

शाईदौत

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मधल्या आठ दिवसांत बरेच घडले, ते सांगते.

खिळेजुळारी काकांचा सल्ला मानून मी गावातल्या एका फलक लिहिणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी वर्तमानपत्राएवढ्या कागदावर ‘सहस्रचंद्रदर्शन’ हा एकच शब्द सात वेळा लिहिला. पहिल्या चारांत शिरोरेषा एका दमात, सरळ ओढली होती. शब्द सुंदर होता, पण समारंभाच्या कमानीवरचा वाटत होता. मग मी मोडीवाचकांचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. त्यांनी आधी रेघ मारली, तीही हातानेच, शेवटाकडे किंचित वर चढणारी, आणि तिच्याखाली अक्षरे लिहिली. पाचव्या प्रयत्नात ‘स्र’ची शेपूट ‘चं’च्या खालून गेली आणि ‘र्श’चा रफार चंद्रकोरीसारखा वळला. तो मुद्दाम तसा काढला होता का, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, की चंद्राचाच शब्द आहे, हात आपोआप वळला. पुढचे दोन त्यांनी हौसेने लिहिले, पण आम्ही पाचवाच घेतला.

तो शब्द आणि आईचे नाव, एवढेच फॉइलमध्ये जाईल, गुळगुळीत कागदावर. बाकी सगळा मजकूर उभ्या, स्वच्छ फॉन्टमध्ये, गडद तपकिरी शाईत लावला आहे, आणि तारीख व स्थळ एक माप मोठे ठेवले आहे. ‘कऱ्हाड’ आता कऱ्हाड आहे. ‘कलम’ मी वाया जाऊ दिला नाही. आईच्या पन्नास पाककृतींची छोटी पुस्तिका पाहुण्यांना द्यायची आहे, ती त्यात लावली आणि ती अगदी वहीतून काढल्यासारखी दिसते.

नवे प्रूफ आईला दाखवले. तिने चष्मा लावून सगळे वाचले आणि पहिला प्रश्न विचारला, की ‘पाकिटांवरची नावे कोण लिहिणार?’ मी छापील चिकटपट्ट्या म्हणाले, तर तिने नकार दिला. रोज दहा याप्रमाणे ती स्वतः लिहिणार आहे. पाकिटाचा कागद किंचित खरखरीत आहे आणि तिच्या जुन्या शाईच्या पेनाने अक्षर फुटते. कोणत्या पेनाने ते फुटणार नाही, हे कोणी सांगू शकेल का?

कित्ता

बारीक टोकाचे जेलपेन घ्या, जलरोधक शाईचे; पावसाचा शिडकावा झाला तरी पत्ता पुसला जाणार नाही. आधी एका रिकाम्या पाकिटावर लिहून, मिनिटभराने त्यावर ओले बोट फिरवून बघा. आणि पिनकोड मात्र सुटे आकडे काढून ठळक लिहायला सांगा.

खिळेजुळारी

पाचवा नमुना मला पाठवू शकाल का? बघायची फार इच्छा आहे.